फर्मवेअर बदलताना कोणती फाइल जपायची: आर्चर सी७च्या निमित्ताने सविस्तर उत्तर

आपल्या प्रश्नाचा आशय असा. टीपी-लिंकचा आर्चर सी७, आवृत्ती २, हा राउटर आपल्याकडे आहे. त्यावर ओपनडब्ल्यूआरटी (कंपनीच्या फर्मवेअरच्या, म्हणजे राउटरच्या आतल्या प्रणालीच्या, जागी घालता येणारी मुक्त प्रणाली) चढवून काही महिने झाले असून आता स्वतः बांधलेली इमेज (चिपवर चढवायची फर्मवेअरची फाइल) घालायची आहे. मात्र संगणकावरच्या एकाच फोल्डरात अकरा बिन फाइली साचल्या आहेत आणि ‘बॅकअप’, ‘बॅकअप-नवा’, ‘फायनल’, ‘फायनल-२’ यांपैकी कोणती फाइल कशाची, हे आता आपल्यालाही सांगता येत नाही. तेव्हा बॅकअप नेमका कशाचा घ्यावा, कामाच्या फाइली कशा लावाव्यात आणि काही बिघडले तर परत कसे यावे, असे आपण विचारले आहे. राउटर दुरुस्तीत आणि त्यांचे फर्मवेअर बदलण्यात माझी बरीच वर्षे गेली आहेत. या कामात माझे जे नुकसान झाले ते इमेज चुकीची बांधल्यामुळे क्वचितच झाले; बहुतेक वेळा ते फाइल चुकीची उचलल्यामुळे झाले. म्हणून उत्तर थोडे लांबवतो.

सर्वांत आधी फाइलींची विभागणी एकाच प्रश्नावर करावी: ही फाइल हरवली तर ती पुन्हा कुठून मिळेल? कंपनीचे मूळ फर्मवेअर तिच्या संकेतस्थळावर मिळते. ओपनडब्ल्यूआरटीच्या तयार इमेज त्या प्रकल्पाच्या साठ्यात जुन्या आवृत्त्यांसह उपलब्ध असतात. आपण बांधलेली इमेज, तिची कृती लिहून ठेवलेली असेल तर, पुन्हा बांधता येते. राउटरमधील सेटिंग गेल्यास एक संध्याकाळ वाया जाते, पण तीही पुन्हा भरता येतात. मात्र आपल्या राउटरच्या चिपमध्ये ६४ केबीचा एक तुकडा असा आहे की तो जगात फक्त त्या एका यंत्रात आहे, आणि तो गेला तर कंपनीकडे मागूनही मिळत नाही. लोक नेमके उलटे करतात. पुन्हा सहज उतरवता येणाऱ्या इमेजच्या पाच-पाच प्रती जपून ठेवतात आणि त्या ६४ केबीची एकही प्रत घेत नाहीत.

हा तुकडा कोणता ते समजण्यासाठी चिपची आतली मांडणी पाहावी लागेल. आवृत्ती २ मध्ये १६ एमबीची एसपीआय नॉर फ्लॅश (वीज गेली तरी मजकूर राखणारी) चिप आहे, म्हणजे बरोबर १,६७,७७,२१६ बाइट. (आवृत्ती खोक्यावर न पाहता राउटरच्या तळाच्या लेबलवर पाहावी; पहिल्या आवृत्तीतील ५ गिगाहर्ट्झची चिप ओपनडब्ल्यूआरटीत चालत नाही, त्यामुळे हा फरक किरकोळ नाही.) ओपनडब्ल्यूआरटीच्या दृष्टीने या १६ एमबीचे तीन मुख्य भाग आहेत. सुरुवातीचे १२८ केबी म्हणजे यू-बूट हा बूटलोडर (राउटर चालू होताच सर्वांत आधी धावणारा प्रोग्रॅम), मधले १६,१९२ केबी म्हणजे फर्मवेअर आणि अगदी शेवटचे ६४ केबी म्हणजे ‘आर्ट’ हा विभाग. कारखान्यात प्रत्येक राउटरच्या रेडिओची मोजणी करून त्याचे कॅलिब्रेशन (रेडिओ नेमका लावण्याचे आकडे) या आर्टमध्ये लिहिलेले असते. २.४ गिगाहर्ट्झचा मजकूर त्यात ४ केबीनंतर सुरू होतो आणि ५ गिगाहर्ट्झचा २० केबीनंतर. हा दुसरा मजकूर अवघा २,११६ बाइटांचा आहे. राउटरचा मॅक पत्ता (नेटवर्कवरची यंत्राची ओळख) मात्र आर्टमध्ये नसून यू-बूटच्या १२८ केबीतील शेवटच्या १ केबीत आहे, त्यामुळे बूटलोडरचीही स्वतंत्र प्रत हवी. आपल्याकडे कित्येक इंटरनेट सेवादार जोडणी मॅक पत्त्याला बांधून ठेवतात, आणि पत्ता बदलला की जोडणी बंद पडून सेवादाराकडे फोन करत बसावे लागते, हे आपण अनुभवले असेलच.

दुसऱ्याच्या सी७मधून आर्ट काढून आपल्यात घातले तर चालेल का, असे नेहमी विचारले जाते. वायफाय सुरू होईल, पण दुसऱ्या रेडिओच्या मोजणीवर चालेल. शक्ती कुठे कमी तर कुठे जास्त पडेल, आणि दोष शोधताना आपण अँटेनापासून भिंतीपर्यंत सगळ्यांना दोष देत बसाल. दुसरा काहीच मार्ग उरला नसेल तेव्हाच हा उपाय करावा.

आता प्रत घेण्याविषयी. राउटर चालू आहे आणि त्यावर ओपनडब्ल्यूआरटी आहे, म्हणजे काम सोपे आहे. एसएसएचने (दुरून आज्ञा देण्याच्या सोयीने) आत जाऊन प्रॉक फोल्डरातील ‘एमटीडी’ ही फाइल वाचली की सर्व विभागांची नावे, क्रमांक आणि आकार दिसतात. ही यादी आधी जशीच्या तशी एका मजकूर फाइलीत उतरवून घ्यावी, कारण विभागांचे क्रमांक बांधणीनुसार बदलतात. आज जो विभाग पाचवा आहे तो दुसऱ्या आवृत्तीत चौथा असू शकतो. यादीत आपल्याला तीनच नव्हे, तर कर्नल, रूट-एफएस आणि रूट-एफएस-डेटा धरून सहा विभाग दिसतील. येथे पुष्कळजण फसतात. हे जादा तीन विभाग वेगळे नसून ‘फर्मवेअर’ या विभागाच्या पोटातलेच तुकडे आहेत. सहाही विभाग वाचून एकापुढे एक जोडले तर १६ एमबीपेक्षा मोठी आणि कोणत्याच कामाची नसलेली फाइल तयार होते. यू-बूट, फर्मवेअर आणि आर्ट एवढे तीनच या क्रमाने जोडावेत आणि बेरीज १,६७,७७,२१६ येते का ते पाहावे. एका बाइटचाही फरक पडला तर ती फाइल पूर्ण चिपची प्रत म्हणून ठेवू नये.

वाचलेले तुकडे राउटरच्या ‘टेम्प’ फोल्डरात उतरतात, आणि हा फोल्डर रॅममध्ये असतो, म्हणजे वीज गेली की तो रिकामा होतो. सी७मध्ये १२८ एमबी रॅम असल्याने १६ एमबी मावते, परंतु जुन्या डब्ल्यूआर८४१एनसारख्या ३२ एमबीच्या राउटरवर एकेक तुकडा वाचून, संगणकावर नेऊन, तेथून पुसून मग पुढचा वाचावा. संगणकावर नेताना एससीपी (फाइल नेण्याची आज्ञा) वापरत असाल तर आणखी एक अडचण येऊ शकते. ओपनएसएसएच ९.० पासून, म्हणजे २०२२ पासून, एससीपी आतून एसएफटीपी या वेगळ्या पद्धतीवर चालते आणि ओपनडब्ल्यूआरटीत एसएफटीपीचा सर्व्हर मुळात नसतो. त्यामुळे आज्ञा अपयशी ठरते आणि माणूस पासवर्ड तपासत बसतो. आज्ञेत मोठ्या लिपीतील ‘ओ’ हा पर्याय दिला की जुनी पद्धत वापरली जाते आणि फाइल येते.

प्रत्येक विभाग दोनदा वाचावा, दोन्ही प्रतींचा एसएचए-२५६ हॅश (मजकुरावरून काढलेला ठसा; एक बाइट बदलला तरी तो बदलतो) काढावा आणि तो जुळतो का ते पाहावे. यू-बूट आणि आर्ट यांच्या बाबतीत तो जुळलाच पाहिजे. फर्मवेअर विभागाचा मात्र चालू राउटरवर जुळेलच असे नाही, कारण आपण वाचत असताना राउटर स्वतःच्या रूट-एफएस-डेटा भागात लिहीत असतो; तेवढ्यावरून चिप खराब झाली असे समजू नये. हॅश जुळणे म्हणजे दोन्ही वेळा तेच वाचले गेले एवढेच. योग्य तेच वाचले गेले का, हे कळण्यासाठी फाइल हेक्स एडिटरमध्ये (एकेक बाइट दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) उघडून डोळ्यांनी पाहावी. नॉर चिपचा पुसलेला भाग ‘एफएफ’ने भरलेला दिसतो. आर्टच्या फाइलीत बहुतांश एफएफच असतात, पण ४ केबी आणि २० केबी या दोन ठिकाणी दाट आकड्यांची बेटे दिसायला हवीत. संपूर्ण फाइल एफएफ असेल तर तिचा हॅश दहा वेळा जुळेल आणि तरीही तिच्यात काहीच नसेल.

डोळ्यांनी पाहण्याचा आग्रह मी का धरतो, ते सांगतो. काही वर्षांपूर्वी एका छोट्या कार्यालयातील याच मॉडेलचा राउटर माझ्याकडे आला होता. घाईत मी विंडोजच्या संगणकावरून पॉवरशेलमध्ये एसएसएचची आज्ञा दिली, आर्ट विभाग ‘कॅट’ने वाचला आणि बाणाच्या चिन्हाने थेट फाइलीत वळवला. फाइल तयार झाली, तिला ‘आर्ट-बॅकअप’ असे नाव दिले आणि मी पुढच्या कामाला लागलो. पुढे बूटलोडर बदलण्याच्या प्रयोगात राउटर उठेनासा झाला, तेव्हा यू-बूट आणि फर्मवेअर जोडून पूर्ण चिपची फाइल बनवली, उरलेले शेवटचे ६४ केबी एफएफने भरले आणि प्रोग्रॅमरने (चिप बाहेरून वाचण्या-लिहिण्याच्या उपकरणाने) ती चिपवर लिहिली. आर्ट काय, त्याची प्रत आहेच, नंतर घालू, असा माझा हिशेब होता. राउटर उठला. तारेवरचे नेट चालू झाले, वायफाय मात्र नाही. म्हणून ती प्रत उघडली, तर तिचा आकार ६५,५३६ बाइट असण्याऐवजी १,३१,०७२ पेक्षाही थोडा जास्त होता, पहिले दोन बाइट ‘एफएफ एफई’ होते आणि पुढे प्रत्येक अक्षरामागे दोन शून्ये बसली होती. विंडोजसोबत येणारे पॉवरशेल ५.१ बाहेरून आलेले बाइट मजकूर समजते, त्यांचे यूटीएफ-१६मध्ये रूपांतर करते आणि ओळीच्या शेवटाची खूणही आपल्या पद्धतीने बदलते. पुढच्या काही आवृत्त्यांमध्ये हे सुधारले आहे, पण माझ्यासमोर ५.१ होते. उलटे रूपांतर करून पाहिले. तथापि ओळ संपवणारा बाइट मुळात एक होता की दोन, हे रूपांतरानंतर ओळखता येत नाही, आणि एक बाइट इकडे-तिकडे झाला की त्यापुढचा सर्व मजकूर सरकतो. शेवटी त्या कार्यालयाला मी स्वतःच्या खिशातून दुसरा राउटर दिला. फाइलीचा आकार एकदा पाहिला असता, तर ही वेळ आली नसती.

तेव्हापासून वाचलेला तुकडा मी राउटरवरच फाइलीत उतरवतो, राउटरवरच त्याचा हॅश काढतो, मग फाइल संगणकावर आणून पुन्हा हॅश काढतो आणि दोन्ही ताडून पाहतो. विंडोजवर यासाठी ‘सर्टयूटिल’ ही आज्ञा पुरेशी आहे, लिनक्सवर ‘एसएचए२५६सम’.

बूटलोडरला हात लावायचा नसेल तर प्रोग्रॅमरची गरज नाही. लावायचा असेल, तर चिप बाहेरून वाचण्याची सोय हाताशी ठेवूनच काम सुरू करावे. सीएच३४१ए हा स्वस्त प्रोग्रॅमर आणि आठ पायांची क्लिप मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्यात तपकीर गल्लीत मिळते. मात्र त्याच्या प्रचलित काळ्या बोर्डात एक खोट आहे: चिपला ३.३ व्होल्ट पुरवठा मिळत असला तरी डेटाच्या तारांवर ५ व्होल्ट येतात. बहुतेक चिपा ते सहन करतात, पण म्हणून ते योग्य ठरत नाही. सुधारलेला बोर्ड घ्यावा. १.८ व्होल्टच्या चिपेला तर वेगळे अडॅप्टर लागतेच, म्हणून चिपवरचा क्रमांक भिंगाखाली वाचून तिची माहितीपत्रिका पाहिल्याशिवाय क्लिप लावू नये. राउटरचा अडॅप्टर काढलेला असावा. क्लिपमधून गेलेल्या विजेने बोर्डावरचा प्रोसेसरही अर्धवट जागा होतो आणि त्याच तारांवर बोलू लागतो. मग प्रत्येक वाचनाचा हॅश वेगळा येतो. क्लिप नीट बसवूनही सलग तीन वाचने जुळत नसतील, तर प्रोसेसर रीसेटमध्ये धरून ठेवावा किंवा सरळ चिप उतरवून वाचावी. तीनपैकी दोन जुळली म्हणून ती बरोबर, असा बहुमताचा न्याय येथे लावू नये.

आता फोल्डरांची रचना. मी प्रत्येक यंत्रासाठी एक फोल्डर करतो; मॉडेलसाठी नव्हे, यंत्रासाठी. त्याच्या नावात मॉडेल, आवृत्ती आणि मॅक पत्त्याचे शेवटचे चार अंक असतात, कारण सारखेच दिसणारे दोन सी७ टेबलावर आले की स्मरणशक्तीवर भिस्त ठेवता येत नाही. आत तीन भाग असतात. ‘मूळ’मध्ये फक्त चिपमधून वाचलेल्या किंवा कंपनीकडून उतरवलेल्या फाइली, जशा आल्या तशा. त्या ठेवल्या की लगेच फोल्डर केवळ वाचनासाठी खुला ठेवतो, हॅशची यादी त्यातच ठेवतो आणि त्यानंतर त्यातील एकही फाइल उघडून साठवत नाही. ‘काम’मध्ये मूळच्या नकला, हवे ते कापावे, जोडावे, बिघडवावे, हा फोल्डर कधीही पुसता आला पाहिजे. ‘तयार’मध्ये राउटरवर प्रत्यक्ष चढवायच्या किंवा चढवलेल्या फाइली. चढवताना फाइल फक्त ‘तयार’मधून उचलायची, हा एक दंडक पाळला तरी निम्मे अपघात टळतात.

नावांच्या बाबतीत ‘फायनल’, ‘नवा’, ‘खरा’ हे शब्द वर्ज्य समजावेत, कारण ते आजचे असतात आणि फाइल उद्याही राहते. ‘सी७व्ही२-४ए१९-आर्ट-६४के-२०२४०३१२-वाचन१’ असे नाव लांब वाटेल, पण कोणते यंत्र, कोणता विभाग, किती आकार, कोणता दिवस आणि कितवे वाचन, हे सगळे त्यात आले. प्रत्यक्ष नावे रोमन अक्षरांत आणि मोकळी जागा न सोडता द्यावीत, कारण बूटलोडर आणि जुनी साधने देवनागरी नावांवर अडतात. तारीख वर्षापासून लिहिली की यादी आपोआप काळाच्या क्रमाने लागते.

याशिवाय प्रत्येक यंत्राच्या फोल्डरात एक साधी मजकूर फाइल ठेवावी आणि तिच्यात तारखेसह दोन-दोन ओळी लिहाव्यात: काय चढवले, कोणत्या फाइलीवरून, तिच्या हॅशची पहिली आठ अक्षरे कोणती, आणि नंतर राउटर उठला का. हे कंटाळवाणे आहे, हे मला मान्य आहे. पण रात्री दीड वाजता राउटरचे दिवे एकाच लयीत लुकलुकू लागतात, तेव्हा शेवटची चाललेली फाइल कोणती होती, याचे उत्तर या ओळींशिवाय कोणीही देत नाही.

एखाद्या फाइलीतून दुसरी काढली असेल तर ती कशी काढली, हे लिहिण्याची सवय विशेष महत्त्वाची आहे. टीपी-लिंकचे उदाहरण घ्या. मूळ फर्मवेअरकडे परतायचे असेल आणि कंपनीच्या फाइलीच्या नावात ‘बूट’ हा शब्द असेल, तर त्या फाइलीत बूटलोडरही असतो. ओपनडब्ल्यूआरटीतून परतताना तो आधी कापावा लागतो, नाहीतर फर्मवेअरच्या जागी बूटलोडर लिहिला जाऊन राउटर पडतो. यासाठी ‘डीडी’ने (फाइलीचा हवा तो भाग उतरवणाऱ्या आज्ञेने) ५१२ बाइटांचे पहिले २५७ गट सोडून उरलेला भाग घ्यायचा असतो, २५६ गट म्हणजे १२८ केबीचा बूटलोडर आणि एक गट म्हणजे त्याच्या आधीचे शीर्षक. आता कापलेली आणि न कापलेली या दोन्ही फाइलींचे शेपूट बिनच आहे आणि आकारही वरवर पाहता सारखाच. न कापलेली ‘मूळ’मध्ये, कापलेली ‘तयार’मध्ये, नावात ‘बूटविना’ आणि यंत्राच्या मजकूर फाइलीत डीडीची संपूर्ण आज्ञा, असे केले तर सहा महिन्यांनीही शंका उरत नाही. एकदा कापलेली फाइल चुकून पुन्हा कापली, तर काय होईल ते सांगायला नको.

आपण स्वतः इमेज बांधणार आहात, तर बांधलेल्या इमेजपेक्षा तिची कृती जपावी. ओपनडब्ल्यूआरटीच्या मूळ कोडात ‘डिफकॉन्फिग’ नावाची छोटी स्क्रिप्ट आहे. हजारो ओळींच्या कॉन्फिग फाइलीऐवजी आपण केलेले बदल तेवढे ती काढून देते. ती छोटी फाइल, आपण घातलेल्या जादा फाइलींचा फोल्डर, कोडची नेमकी कमिट (बदलाच्या टप्प्याची खूण) आणि पॅकेजच्या फीड्सच्या (जादा पॅकेजांच्या साठ्यांच्या) कमिट एवढे गिट या बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनात ठेवावे. अधिकृत इमेजसोबत प्रकल्प स्वतः ‘कॉन्फिग’, ‘फीड्स’ आणि ‘व्हर्जन’ अशा तीन ‘बिल्डइन्फो’ फाइली देतो. ती इमेज वापरत असाल तर त्याही उतरवून ठेवाव्यात. केवळ पॅकेजे कमी-जास्त करायची असतील तर पूर्ण कोड बांधण्याचा खटाटोप करू नये. इमेज बिल्डर (तयार तुकड्यांतून इमेज जुळवणारे प्रकल्पाचे साधन) पुरेसा आहे, आणि मग जपायची गोष्ट म्हणजे त्याची आवृत्ती आणि एक आज्ञा. चिपचे डम्प (चिपमधून वाचलेल्या प्रती) मात्र गिटमध्ये घालू नयेत. प्रत्येक १६ एमबी इतिहासात कायमचे बसतात, आणि त्याहून वाईट म्हणजे एखाद्या दिवशी तो साठा सार्वजनिक केला जातो. त्या डम्पमध्ये आपल्या वायफायचा आणि सेवादाराकडच्या पीपीपीओई जोडणीचा पासवर्ड उघड्या अक्षरांत असतो. मदत मागताना पूर्ण डम्प कोणालाही पाठवू नये, याचेही कारण तेच.

सेटिंगचा बॅकअप ही निराळी गोष्ट आहे आणि तिच्याविषयी गैरसमज फार आहेत. ‘सिसअपग्रेड’ने (ओपनडब्ल्यूआरटीच्या इमेज चढवण्याच्या आज्ञेने) घेतलेला बॅकअप म्हणजे चिपची प्रत नव्हे, ती इटीसी फोल्डरातील ठरावीक फाइलींची एक छोटी गाठोडी आहे. त्यात पॅकेजे नसतात. छोट्या लिपीतील ‘के’ हा पर्याय दिला तर बसवलेल्या पॅकेजांची यादी तिच्यात येते, तीही केवळ यादी. शिवाय स्वतः लिहिलेली स्क्रिप्ट इतर कुठे ठेवली असेल तर ‘सिसअपग्रेड’च्या कॉन्फ फाइलीत तिचा मार्ग लिहावा लागतो, नाहीतर ती मागे राहते. आणि जुना बॅकअप नव्या आवृत्तीत चालेलच असे नाही. सी७ पूर्वी ‘एआर७१एक्सएक्स’ या जुन्या आधारावर (प्रोसेसरच्या कुळासाठीच्या बांधणीवर) बांधला जाई, १९.०७ या आवृत्तीत तो आणि ‘एटीएच७९’ असे दोन्ही होते, आणि २१.०२पासून जुना आधार काढून टाकला गेला. जुन्याची सेटिंग नव्यात कोंबली की वायफायचे मार्ग आणि दिव्यांची नावे जुळत नाहीत, आणि राउटर अर्धवट चालतो, जे पूर्ण बंद पडण्यापेक्षा अधिक त्रासदायक असते. अशा वेळी सेटिंग न राखता चढवावे आणि जुना बॅकअप उघडून, वाचून, हाताने पुन्हा भरावा. म्हणून बॅकअपच्या नावात आवृत्ती आणि आधार दोन्ही लिहावेत.

बॅकअप ठेवायचे कुठे, यावर मी फार वेळ घालवत नाही. आर्ट, यू-बूट आणि हॅशची यादी मिळून २०० केबीसुद्धा भरत नाही. एक प्रत संगणकावर, एक पेन ड्राइव्हवर आणि एक पासवर्ड घालून क्लाउडवर ठेवावी. राउटरला लावलेल्या पेन ड्राइव्हवर त्याच राउटरचा बॅकअप ठेवणारे लोक मी पाहिले आहेत. त्यांच्याशी वाद घालणे मी सोडून दिले आहे.

चढवण्याआधी परतीचा रस्ता एकदा चालून पाहावा. आवृत्ती २च्या बूटलोडरमध्ये टीएफटीपीची (तारेवरून साध्या पद्धतीने फाइल उतरवून घेण्याची) सोय आहे. रीसेटचे बटण दाबून धरून राउटर चालू केला की तो १९२.१६८.०.६६ या पत्त्यावरच्या संगणकाकडे ‘आर्चरसी७व्ही२_टीपी_रिकव्हरी’ या बिन फाइलीची मागणी करतो (प्रत्यक्ष नाव रोमन लिपीत, अक्षरांच्या लहान-मोठेपणासह तंतोतंत द्यावे). संगणकाला तो पत्ता हाताने द्यावा लागतो आणि फायरवॉल त्या वेळेपुरती बंद करावी लागते. राउटर धडधाकट असताना फक्त एवढे करून पाहावे की मागणी येते का. टीएफटीपी सर्व्हरच्या फोल्डरात फाइल न ठेवता त्याच्या नोंदीत मागणी दिसली की पुरे. फाइल न मिळाल्याने राउटर नेहमीसारखा उठतो. लक्षात घ्या, या मार्गाने बूटलोडर जिवंत असेल तोपर्यंतच परतता येते आणि त्यातून आर्ट परत येत नाही.

आणखी एक साधी गोष्ट. हा राउटर घरच्या इंटरनेटचा दरवाजाच आहे, तो पडला की कृती शोधायलाही नेट उरत नाही. परतीची फाइल, टीएफटीपी सर्व्हर, प्रोग्रॅमरचा ड्रायव्हर आणि या मॉडेलच्या माहितीचे पान हे सर्व आधी संगणकावर उतरवून ठेवावे. राउटर आणि संगणक दोन्ही यूपीएसवर घ्यावेत, तार वापरावी, वायफायवरून कधीही चढवू नये, आणि महावितरणच्या देखभालीचा दिवस असेल त्या दिवशी हे काम काढूच नये.

आपला पुढचा राउटर नँड या दुसऱ्या प्रकारच्या फ्लॅश चिपचा असेल तर वरील पद्धतीतील बराच भाग बदलतो. नँडमध्ये खराब गट असणे नैसर्गिक आहे आणि प्रत्येक चिपमध्ये त्यांच्या जागा वेगळ्या असतात, त्यामुळे बाहेरून वाचलेला कच्चा डम्प दुसऱ्या चिपवर तसाच लिहिता येत नाही. तेथे ‘नँडडम्प’सारखी साधने वापरून विभागवार प्रत घ्यावी आणि कॅलिब्रेशनचा विभाग कुठे आहे ते त्या मॉडेलच्या मांडणीत आधी शोधावे. सी७ला ही भानगड नाही.

शेवटी आपल्या अकरा फाइलींविषयी. त्यांतील एकही आज पुसू नये आणि एकीचेही नाव बदलू नये. त्या सर्वांचा एक फोल्डर करून तो जसाच्या तसा बाजूला ठेवावा, आकार आणि हॅश यांची यादी काढावी. ज्यांचे हॅश सारखे, त्या एकच फाइल समजाव्यात. माझ्या अंदाजाने अकराच्या सात-आठ होतील. नेमक्या ६५,५३६ बाइटांची असेल ती बहुधा आर्ट, १,३१,०७२ची बहुधा यू-बूट, पण दुसऱ्या आकाराच्या फाइलीची सुरुवात ‘एफएफ एफई’ने होत नाही ना, एवढे पाहून घ्या. ओपनडब्ल्यूआरटीच्या इमेज असतील त्यांचा हॅश प्रकल्पाने प्रसिद्ध केलेल्या यादीशी ताडला की त्यांची ओळख पटते. जिची ओळख पटत नाही, ती राउटरवर चढवायची नाही. आणि हे सगळे करण्याच्याही आधी, राउटर अजून चालू आहे तोवर, आजच्या आज आर्ट आणि यू-बूट दोनदा वाचून घ्यावेत. मग ती जुनी ‘बॅकअप-नवा’ फाइल कशाची होती, हे नाही कळले तरी काही बिघडत नाही.